सासूबाईंचा बदामी फ्रीज

२ डिसेंबर, मंगळवार. रक्तदाब १४६/९२

दवाखान्यातल्या नवीन नर्सने ही वही दिली. रोज सकाळी रक्तदाब मोजून लिहायचा आणि दिवसभरात काय घडलं तेही लिहायचं, म्हणजे दाब कशाने चढतो ते कळेल म्हणे. मी म्हटलं, कशाने ते मी आत्ताच सांगतो, शनिवारी राहायला आल्या आहेत. ती हसली नाही. तिला आकडे वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी.

तर सासूबाई. परास्का, वय शहाऐंशी. शेतावरचं घर अखेर बंद केलं आणि आमच्याकडे आल्या. सोबत दोरीने बांधलेली एक पत्र्याची ट्रंक आणि एक फ्रीज. फ्रीज बदामी रंगाचा, माझी बायको डोरीन शाळेत होती तेव्हाचा.

मी म्हटलं, "आई, आमच्याकडे फ्रीज आहे की."

"असू दे. तुझ्यावर भरवसा ठेवून मुलगी दिली, मास्तर. पेरोगी देणार नाही."

त्या फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात बावीस डझन पेरोगी आहेत, म्हणजे बटाट्याचं सारण भरून पाण्यात उकडायच्या करंज्या. शेत सोडायच्या आधी तीन दिवस बसून, संधिवाताच्या वाकड्या बोटांनी एकेकीची कड मुरडून केलेल्या. सहा जानेवारीला, जुन्या पंचांगाने सात जानेवारीला येणाऱ्या आपल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, बारा पदार्थांच्या जेवणात त्या मांडायच्या. स्वयंपाकघरात दुसऱ्या फ्रीजला जागा नाही, म्हणून मी तो घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभा केला.

सासूबाईंना दक्षिणेकडची वरची खोली द्यावी असं डोरीनच्या मनात होतं. पण ती माझी अभ्यासिका. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी 'घरातलं भौतिकशास्त्र' हे पुस्तक लिहितो आहे. सहा वर्षांत तीन प्रकरणं झाली. लिहिणाऱ्याला उजेड लागतो. म्हणून त्यांना तळघरातली खोली दिली. नवा गालिचा टाकला आहे, जमिनीलगत एक खिडकीही आहे. चांगली आहे खोली.

४ डिसेंबर, गुरुवार. १५१/९४. टोमणे: ४

आजपासून टोमणेही मोजणार. विज्ञानाच्या माणसाने सगळी कारणं नोंदवावीत.

सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर वरच्या खणातल्या पेरोगी मऊ! दाबलं की बोट आत. खालच्या खणात मात्र दूध छान गार. बाहेर उणे एकतीस. अख्खा मॅनिटोबा प्रांत दगडासारखा गोठलाय आणि एकट्या आमच्या फ्रीजमध्ये बर्फ वितळतोय.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. अंगात कोट, डोक्याला शाल. फ्रीजच्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला थंडी वाजतेय."

मी हसलो. हसलो म्हणजे अगदी खो खो हसलो. "आई, तो फ्रीज आहे. थंडी वाजणं हेच त्याचं काम आहे."

"चाळीस वर्षं माझ्या चुलीशेजारी उभा होता. कधी कुरकुरला नाही."

एकतीस वर्षं मी पोरांना उष्णता शिकवली. म्हातारी मला शिकवतेय! डोरीन म्हणाली, दुरुस्तीवाल्याला बोलाव. मी म्हटलं, माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण फ्रीजवरच आहे, मी बोलावू? तिने नुसतं पाहिलं. डोरीनचं ते पाहणं टोमण्यांत धरायचं की नाही, हे ठरवायचं आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार. १४८/९२. टोमणे: ३

फ्रीज पुढे ओढून मागची नळ्यांची जाळी साफ केली. इतकी धूळ निघाली की तिचा मफलर विणता आला असता. मग दाराच्या रबराची परीक्षा. दारात कागद अडकवायचा आणि ओढायचा, सहज निघाला तर रबर गेलं. कागद फाटला, पण निघाला नाही. रबर पास. मग बूड समतल आहे का पाहिलं. पास. तापमानाची कळ शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेलीच आहे.

सगळ्या विषयांत पास आणि एकूण निकाल नापास. असा विद्यार्थी मी पाहिलेला नाही.

७ डिसेंबर, रविवार. १४०/८८. टोमणे: ३

चर्चमधून आलो, गाडी गॅरेजमध्ये लावली, जेवलो. दुपारी पाहतो तर फ्रीज घुर्रर्र करत सुरू! रात्रीपर्यंत पेरोगी टणक. मी काहीच केलं नव्हतं, तरी डोरीनला म्हटलं, "बघ, जाळी साफ केल्याचा परिणाम."

१० डिसेंबर, बुधवार. १५३/९५. टोमणे: ४

परवापासून पुन्हा मऊ. आज ठरवलं, समोर बसून निरीक्षण करायचं. गॅरेजमध्ये तीन डिग्री. पाय गोठतात, म्हणून छोटा विजेचा हीटर पायाशी लावला, खुर्ची टाकली, थर्मामीटर, वही, थर्मासमध्ये कॉफी. अर्ध्या तासात फ्रीज सुरू झाला आणि चार तास शहाण्यासारखा चालला. मी हीटर बंद करून आत आलो. संध्याकाळी गेलो तर बंद, थंड, मुका.

हे वागणं मी ओळखतो. नववी ब. मास्तर वर्गात असेपर्यंत मान खाली घालून गणितं, पाठ वळली की बाकावर.

सासूबाईंनी जेवताना विचारलं, "काय म्हणतो?"

"तुमच्यासारखाच आहे. माझ्यासमोर एक, मागे एक."

"मी तुझ्यासमोरही तेच म्हणते," त्या म्हणाल्या. हा चौथा.

१३ डिसेंबर, शनिवार. १३८/८६. टोमणे: २

डॉफिनला जाऊन आलो. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्यामागे लायल. चाळिशीचा झालाय, पोट सुटलंय. माझ्याकडे दहावीला होता, भौतिकशास्त्रात एक्केचाळीस गुण.

"सर! तुम्ही आणि दुरुस्ती?"

मी लक्षणं सांगितली. त्याने डोकं खाजवलं. "सर, गॅरेजमध्ये किती डिग्री असतं?"

"लायल, गॅरेजचा काय संबंध? कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले गेलाय. तो दे."

"नाही, म्हणजे जुन्या फ्रीजना कधी कधी..."

"रिले, लायल."

त्याने गुपचूप रिले दिला. वर्गातही तो असाच नको ते प्रश्न विचारायचा. वीस मैल गाडी हाणून आलो, गाडी आत घेतली, लगेच भाग बसवला, आणि फ्रीज सुरू! शिट्टी वाजवत आत गेलो. डोरीनला म्हटलं, "अनुभव म्हणतात याला." सासूबाई टेबलाशी कोट घालून बसल्या होत्या. घरात कोट कशाला घालतात कोण जाणे. शेतावरची सवय.

१७ डिसेंबर, बुधवार. १५५/९६. टोमणे: १

बंद. सोमवारपासून बंद.

तक्ता केला. फ्रीज चालला ते दिवस: ७ रविवार, १० बुधवार (माझ्या देखत), १३ शनिवार, १४ रविवार. एरवी बंद. तासभर तक्त्याकडे बघत बसलो. रविवारी चालतो, इतकंच कळलं. फ्रीज देवभोळा आहे असं चौथ्या प्रकरणात लिहावं काय?

पिशव्यांतल्या पेरोगी वितळून, पुन्हा गोठून एकमेकींना चिकटल्या आहेत. एका पिशवीत तर एकच मोठी पेरोगी झाली आहे. मी पेचकसाने सोडवायला गेलो, तर तिच्या पोटातला बटाटा बाहेर आला. ती पिशवी कचऱ्यात खाली दाबून टाकली, वर वर्तमानपत्र. सासूबाईंना सांगितलं नाही.

दुपारी डॉफिनच्या वृद्धाश्रमातून डोरीनला फोन आला. मागे उन्हाळ्यात अर्ज केला होता, आता एक खोली रिकामी होते आहे. आठ जानेवारीपर्यंत फॉर्म भरून द्यायचा, नाहीतर पुढच्याला जाईल. डोरीन म्हणाली, "आई आपल्याकडेच राहील. आता रुळेल ती." मी म्हटलं, "त्यांनाच ठरवू दे." खरं सांगायचं तर माझ्या मनात काय होतं ते इथेही लिहायची लाज वाटते.

१९ डिसेंबर, शुक्रवार. १६०/९८. टोमणे: ०

आजचा दिवस वहीतून फाडून टाकावा असा आहे.

स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा वरचा खण डोरीनच्या भावाने दिलेल्या हरणाच्या मांसाने गच्च. मग मला साधी गोष्ट सुचली. बाहेर उणे अठ्ठावीस असताना फ्रीज हवा कशाला? पेरोगींच्या पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या आणि मागच्या अंगणात, भिंतीला लागून ठेवल्या. वर एक वीट. स्वतःवर बेहद्द खूश होऊन आत येऊन चौथं प्रकरण लिहायला बसलो. 'निसर्ग हाच सर्वांत मोठा शीतगृहचालक' असं वाक्यही लिहिलं.

दोन तासांनी कलकलाट ऐकू आला. सहा डोमकावळे. खोकं आडवं, पिशव्या फाटलेल्या, एक पठ्ठ्या विटेवर बसून पेरोगी खातोय. मी चपलांवरच धावलो, ओरडलो, घसरलो, आपटलो. निम्म्याहून जास्त गेल्या.

उठताना पाहिलं तर तळघराच्या खिडकीला सासूबाईंचा चेहरा. काचेच्या अगदी जवळ. खोकं मी नेमकं त्यांच्या खिडकीसमोर ठेवलं होतं. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पहिल्या चोचीपासून.

जेवायला आल्या तेव्हा मी टोमण्यांसाठी अंग चोरून बसलो होतो. एक शब्द नाही. सूप अर्धं ठेवून खाली गेल्या.

२२ डिसेंबर, सोमवार. १४९/९१. टोमणे: ०

चौथा दिवस, टोमणा नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. डोरीनला म्हटलं, "आई सुधारल्या." ती म्हणाली, "तिने काल ब्रेडचा एक तुकडा खाल्ला, ओरेस्ट. एक." मी म्हटलं, वय झालं की भूक कमी होते.

सासूबाई दिवसभर पलंगावर असतात. मी सहज विचारलं, झोप लागते का खाली? म्हणाल्या, "काही वाजत नाही तिथं. शेतावर तो बदामी रात्रभर गुणगुणायचा. घरात कुणीतरी गुणगुणत असलं की बरं असतं."

२४ डिसेंबर, बुधवार. १५२/९४. टोमणे: ०?

सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "डोरीन, तो फॉर्म भरून टाक."

डोरीनचे डोळे भरले. "का गं आई? इथं काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तिथं गरम असतं म्हणे."

मला वाटलं, माझ्या हातच्या कोमट सूपवर टोमणा आहे. मोजावा की नाही, ठरेना. पण आवाजात नेहमीची धार नव्हती, म्हणून प्रश्नचिन्ह टाकलं.

डोरीनने फॉर्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, पण भरला नाही. म्हणाली, "सहा तारखेचं जेवण होऊ दे. मग तू सांग."

"होऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "पेरोगीविना कसलं जेवण ते होऊ दे."

हाही टोमणाच होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला उगीच वाटलं, एकदा बघायला हवं होतं.

२९ डिसेंबर, सोमवार. १५८/९७. टोमणे: ०

तापमानाची कळ बदलली. बर्फ वितळवणारं घड्याळ बदललं. आता त्या फ्रीजमध्ये मूळचं म्हणावं असं दारच उरलंय. काल रविवार, चालला. आज बंद. लायलला फोन केला, तर पुन्हा तेच, "सर, गॅरेजमधलं तापमान..." मी म्हटलं, "लायल, थंडीत फ्रीज बंद पडतो असं म्हणायचंय का तुला?" तो म्हणाला, "हो सर." इतकं कळलं की याला एक्केचाळीस गुण मी जास्तच दिले होते.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आज दुपारी मी मुद्दाम सासूबाईंच्या दारात पेचकस घेऊन गेलो, बोटाला फडकं गुंडाळून, अगदी टोमण्याला आमंत्रण देत. "बघा आई, तुमच्या फ्रीजने चावलं मला." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला टोमणे हवे आहेत. हे नर्सला कसं सांगणार?

२ जानेवारी, शुक्रवार. १६२/९९. (नंतर मोजलाच नाही.)

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी निरीक्षणाला बसलो, तर हीटर जागेवर नाही. म्हटलं जाऊ दे, दोन कोट चढवले आणि बसलो. अर्धा तास झाला, तास झाला, दीड तास झाला. फ्रीज बंदच. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांदेखत बंद! मला इतका आनंद झाला की उडीच मारली. पकडला लेकाला! वीज आहे, आतला दिवा लागतो, भाग सगळे नवे, तरी बंद. फरक काय? बोटं इतकी गारठली होती की पेन धरवेना. म्हणून हीटर शोधायला आत आलो.

डोरीन भांडी घासत होती. "हीटर आईच्या खोलीत लावलाय. काल रात्री तिचे हात निळे पडले होते. तू महिन्याभरात गेलायस कधी तिच्या खोलीत?"

गेलो नव्हतो. दारातून डोकावलो होतो, आत गेलो नव्हतो.

खाली उतरलो, हीटर परत मागायला. हो, मागायलाच. खोटं कशाला लिहू? सासूबाई हीटरसमोर खुर्चीत बसल्या होत्या. कोटाची बटणं सोडलेली, शाल खांद्यावर. मांडीवर सूपची वाटी होती, रिकामी.

"आलास मास्तर? हीटर न्यायला ना? ने. त्या बदामीला जास्त गरज आहे."

"आई, फ्रीजला हीटर कोण लावतं?"

"खुराड्यात गारठा पडला की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. दिवा लावला की पुन्हा देतात. गारठलं की कुणीच काम करत नाही रे. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला, त्याला थंडी वाजतेय. हसलास."

मी पायरीवरच बसलो.

खालच्या खणात तापमान ओळखणारी एकच कळ असते. गॅरेजमध्ये तीन डिग्री, म्हणून खालचा खण तीन डिग्री. कळेला वाटतं, पुरेसं गार आहे, आपण कशाला राबायचं? यंत्र सुरूच होत नाही. आणि यंत्र सुरू झालं नाही तर वरचा बर्फाचा खणही तीन डिग्रीला येतो. हीटर लावला की सुरू. चर्चमधून तापलेली गाडी आणून शेजारी उभी केली की सुरू. डॉफिनहून आलो की सुरू. तक्ता केला होता मी, तक्ता! लायलला कळलं, एका म्हातारीला कळलं, आणि उष्णतेचा मास्तर रविवार मोजत बसला होता.

हसू येत होतं. पण थर्मामीटर माझ्या हातातच होता, आणि सवयीने त्याच्याकडे नजर गेली. हीटरजवळ सतरा. पलंगाजवळ नेला, उशीपाशी. तेरा.

"आई, ही खोली तेरा डिग्री आहे."

"असेल. माझ्याकडे थर्मामीटर नाही."

वर पाहिलं. पलंगाच्या वर छतात गरम हवेची झडप. बंद. नुसती बंद नाही, स्क्रूने आवळलेली, आणि वर पट्टी चिकटवलेली. पट्टीवर सुरेख, वळणदार अक्षर: 'कायमची बंद. इंधनाची बचत. ओरेस्ट.' मी निवृत्त झालो त्या वर्षीची तारीखही होती. नोंदी ठेवण्यात मी कधी चुकत नाही.

"बोलला का नाहीत, आई?"

"तुझं घर आहे. पाहुण्याने पाहुणचाराला नावं ठेवू नयेत."

"पाहुण्या कशा तुम्ही?"

त्यांनी कोपऱ्याकडे हनुवटी केली. तिथे ट्रंक होती. दोरी शेतावरून बांधून आली तशीच, गाठही तीच.

मला फार लाज वाटली. ती कुठे लपवावी कळेना, म्हणून खुर्चीवर चढून झडपेचे स्क्रू काढायला लागलो, आणि स्क्रू काढता काढता रडलो. सासूबाई खालून म्हणाल्या, "उलटा फिरवतोयस, मास्तर."

एक.

३ जानेवारी, शनिवार. १४४/९०. टोमणे: ५

अभ्यासिका रिकामी केली. डोरीनला विचारलं नाही, तिने मला विचारलं नाही. टेबल, कपाट, 'घरातलं भौतिकशास्त्र' सगळं तळघरात. पलंग, खुर्ची, ट्रंक वर, दक्षिणेच्या खिडकीत. मग ढकलगाडीवर घालून फ्रीज. सासूबाईंनी काठीने जागा दाखवली, पलंगाच्या उशाशी.

"आई, झोपायच्या खोलीत फ्रीज?"

"तुझ्या सासऱ्याच्या शेजारी चाळीस वर्षं झोपले. हा त्याच्यापेक्षा हळू घोरतो."

हलवलेला फ्रीज थोडा वेळ तसाच उभा ठेवावा लागतो. दुपारी प्लग लावला. लगेच घुर्रर्र. सासूबाई पलंगावर टेकल्या, कोट काढला, घडी करून पायाशी ठेवला, आणि भर दुपारी गाढ झोपल्या. डोरीन दारात उभी राहून बघत होती. तिने माझा हात दाबला.

फॉर्म मात्र टेबलावर आहे. विचारलं तर म्हणतात, "सहा तारीख होऊ दे म्हटलंय ना?" ट्रंकेची गाठही सोडलेली नाही.

५ जानेवारी, सोमवार. १३६/८४. टोमणे: ११

उरलेल्या जुन्या पेरोगी डोमकावळ्यांना टाकल्या. त्यांना आता सवय झाली आहे.

सकाळपासून तिघं स्वयंपाकघरात. डोरीन लाटते, मी सारण भरतो आणि कड मुरडतो, सासूबाई काठी घेऊन देखरेख करतात. त्यांची बोटं आता मिटत नाहीत. नोव्हेंबरमध्ये शेवटची मिटली, असं त्या सहज सांगून गेल्या. त्या बावीस डझनांबद्दल बोलत होत्या. मी मान वर केली नाही.

"मास्तर, ती पेरोगी आहे. लिफाफा नाही."

"मास्तर, ओठ मीट तिचे. तुझेही."

"एकतीस वर्षं खडू धरलास, बोटांत जोर कसा नाही?"

माझ्या पहिल्या डझनातल्या आठ उकळत्या पाण्यात उघडल्या. दुसऱ्या डझनात तीन. मग त्यांनी आपले वाकडे हात माझ्या हातांवर ठेवले आणि कड कुठे दाबायची ते दाखवलं. त्यांचे हात गरम होते. चौदा डझन झाल्या. बदामीच्या वरच्या खणात ओळीने मांडल्या, संध्याकाळी पाहिल्या तर ठणठणीत.

लायलला फोन करून म्हटलं, तुझं बरोबर होतं. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "सर, हे लिहून द्याल का?"

७ जानेवारी, बुधवार. रक्तदाब मोजला नाही.

कालचं जेवण झालं. खिडकीत मेणबत्ती, टेबलाच्या कापडाखाली रिवाजाप्रमाणे गवत, वारलेल्या सासऱ्यांसाठी रिकामी खुर्ची. पहिला तारा दिसेपर्यंत सासूबाईंनी कुणाला घास घेऊ दिला नाही. शेतावर त्या संध्याकाळी पहिला वाटा गुरांना जायचा. आता गुरं कुठली? त्या मध-खसखशीच्या गव्हांची वाटी घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि ती फ्रीजच्या डोक्यावर ठेवून आल्या. डोरीन हसली. मी नाही हसलो. एकदा हसून पाहिलंय.

मग त्यांनी चमचाभर गहू छताकडे भिरकावले. चिकटले, म्हणजे वर्ष चांगलं जाणार. माझ्या उघड्या पडलेल्या पेरोगी सगळ्या माझ्याच ताटात आल्या. सोळा खाल्ल्या. सासूबाईंनी नऊ.

जेवण झालं तरी फॉर्मचा विषय कुणी काढला नाही. मला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. चौतीस वर्षं या बाईने जावं असं मनातल्या मनात म्हणत आलो, आणि काल तिने राहावं म्हणून मनातल्या मनात विनवत होतो.

आज सकाळी टेबल आवरायला गेलो, तर फॉर्म जागेवर नाही. भरला वाटतं. सासूबाई अजून झोपलेल्या. हळूच त्यांचं दार उघडलं. ट्रंक उघडी, दोरीची गुंडाळी खिडकीत. फ्रीजचं दार, महिनाभर कोरं होतं ते, भरून गेलेलं. नातवंडांचे फोटो, चर्चचं कॅलेंडर, कोंबडीचं चुंबक, गव्हाच्या ओंबीचं चुंबक. आणि मधोमध, छापील बाजू आत करून, वृद्धाश्रमाचा फॉर्म. कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात:

'ईस्टरसाठी. मैदा चाळीस पौंड. बटाटे एक पोतं. खसखस. करडी लोकर, जाडी, चार लडी. मास्तरला मोजे. तळघरात गारठा असतो.'